बारा वाजताचा घास

मला पक्षी आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. पिसं उडतात, घाण होते, आणि आपल्याला झोप लागली असेल नेमकं तेव्हाच यांना कंठ फुटतो. माझं काम कपड्यांच्या दुरुस्तीचं. चेन बदलायची, उंची कमी करायची, कुणाचं पोट सुटलं तर कंबर सैल करून द्यायची. लोक मला टेलरबाई म्हणतात. खिडकीपाशी मशीन, शेजारी दोन कात्र्या, भिंतीला दोऱ्यांची रिळं, आणि पांढऱ्या शर्टावर एक पीस जरी चिकटलं तरी गिऱ्हाइकाच्या कपाळाला आठ्या. अशा बाईनं पोपटाच्या भानगडीत पडायचं काही कारण नव्हतं. पण तो पोपट समोरच्या दारात राहायचा, मावशीकडे.

मावशी माझी मावशी नव्हे. ती मोठ्या इस्पितळात पुरुषांच्या वॉर्डात आया होती. तिथं सगळ्या आयांना मावशीच म्हणतात. एकतीस वर्षं ऐकून ऐकून ते नाव अंगाला इतकं चिकटलं, की निवृत्त झाल्यावर ती ते घेऊनच आमच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला आली. खरं नाव तेवढं टपालाच्या पेटीवर होतं. ते पोस्टमन सोडून कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. काटकुळी बाई, पायात कापडी बूट, चालताना आवाज म्हणून नाही. जिन्यात मागून आली की माझी दर वेळी दचकून पाचावर धारण बसायची. मी तिला म्हटलंसुद्धा, बाई गं, पायात घुंगरू तरी बांध. ती हसली नाही. तिला विनोद उशिरा कळायचा, आणि कळला तरी ती तो मनातल्या मनात ठेवायची.

तर हा पोपट. मावशीच्या वॉर्डात एक घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा तीन महिने पडून होता. मागे ना पुढे कुणी. त्याच्या खोलीवर हा पोपट एकटाच. शेजारचे लोक वरून चार दाणे टाकायचे, पाणी ओतायचे, आणि आपल्या कामाला जायचे. बाहेर पडायच्या धडपडीत पोपटानं पिंजऱ्याची तार वाकवली, त्यात वरची चोच अडकली, आणि ओढाओढीत अर्धी तुटून गेली. म्हातारा वारला त्याच आठवड्यात घरमालकाला खोली रिकामी हवी होती. कुणीतरी तो पिंजरा वॉर्डाच्या दाराशी आणून ठेवला, जसं काही म्हाताऱ्याबरोबर तोही भरती करायचा राहून गेला होता. सगळ्यांनी बघितलं, चुकचुकले, आणि इकडेतिकडे पांगले. मावशी ड्यूटी संपल्यावर पिंजरा उचलून घरी घेऊन गेली. त्यानंतर वर्षभरातच ती निवृत्त झाली आणि त्याला घेऊन इथं आली. पोपटाचं नाव काय म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, नाव कशाला, पेशंट आहे तो. झालं. तेव्हापासून तो पेशंट.

पेशंट बोलायचा नाही. माझ्या मते त्याच्यात तेवढा एकच गुण होता.

पक्ष्यांच्या डॉक्टरनं तिला बजावून सांगितलं होतं, की जखम भरेपर्यंत सहा आठवडे हातानं भरवा, मग हळूहळू वाटीची सवय लावा, खालच्या चोचीनं उपसून खायला शिकेल तो. मावशीनं यातलं पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसरं कानाआड केलं. सहा आठवड्यांची आठ वर्षं झाली.

आणि काय ते भरवणं! उकडलेला बटाटा, शिजवलेलं गाजर, अंड्याचा बलक, कधी केळं, सगळं चाळणीतून घोटून गुठळी म्हणून ठेवायची नाही. मग ते कोमट करायचं, मनगटावर थेंब टाकून बघायचं. चमचा तिनं स्वतः बनवलेला होता. साधा चहाचा चमचा, पण पकडीनं दोन्ही कडा आत वळवून पन्हळीसारखा केलेला. तो डाव्या बाजूनं तोंडात घालायचा, घास जिभेवर सोडायचा आणि थांबायचं. गिळला की गळ्याखालच्या पिशवीवर बोट ठेवून बघायचं, खाली उतरला का. मग पुढचा. शेवटी ओल्या कापसानं चोचीचे कोपरे आणि नाकपुड्या पुसायच्या, कारण तिथं अन्न वाळलं की श्वास अडतो म्हणे. आणि दर रविवारी स्वयंपाकाच्या काट्यावर बसवून वजन.

हे सगळं वॉर्डाच्या वेळेनं चालायचं. सकाळी सात, दुपारी बारा, चार आणि संध्याकाळी सात. दोन मिनिटं इकडे नाही की तिकडे नाही. बाराच्या ठोक्याला भिंतीपलीकडून चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला की मी समजायची, बारा वाजले. माझं घड्याळ बंद पडलं होतं ते मी त्यामुळेच वर्षभर दुरुस्त केलं नाही.

पण या वेळापत्रकानं मावशीला पार बांधून टाकलं. सातच्या घासानंतर निघून बाराच्या आत परत येता येईल, तेवढंच तिचं जग. दूरच्या शहरात तिची एक भाची होती, भावाची मुलगी, तेवढंच एक नातं. तिच्या लग्नाला ही गेली नाही. तिला मुलगी झाली, तेव्हाही नाही. पेशंटला कोण भरवणार? भाचीनं पहिल्यांदा राग धरला, मग बोलावणंच सोडून दिलं. मी एकदा सुनावलं तिला, की बाई, माणसांपेक्षा पोपट जवळचा झाला का तुला? तर म्हणे, माणसांना जमतं. त्याला जमत नाही.

माझा यात सहभाग एवढाच, की दर तिसऱ्या रविवारी मला हाक यायची. वरची चोच अर्धीच असली की खालच्या चोचीला घासायला काही उरत नाही, ती वाढतच जाते, नखासारखी. ती कानशीनं घासून काढावी लागते. मी टॉवेलात गुंडाळून त्याला धरायची आणि मावशी घासायची. तो माझ्याकडे असं बघायचा, की जसं काही मीच तार वाकवली होती. काम झालं की मावशी दारापर्यंत यायची, बरं झालं हं म्हणायची, आणि दार लावायची. मीही माझं लावायची. आठ वर्षं शेजार, पण चहाला बस असं ती कधी म्हणाली नाही, आणि मी तरी कुठं म्हटलं. दोघीही एकट्या राहून राहून अशा झालो होतो, की दुसऱ्याच्या घरात जास्त वेळ उभं राहिलं की पाय अवघडायचे.

मग तिचं पोट दुखायला लागलं. आधी तिनं सांगितलंच नाही. जिन्यात कठडा धरून उभी दिसायची, विचारलं की म्हणायची दम लागला. एकदा कानशी चालवता चालवता तिचा हात थांबला, आणि चेहरा असा पांढराफटक पडला, की मीच घाबरले. बळेबळे डॉक्टरकडे नेलं. आतड्यात गाठ निघाली. कापून काढायला हवी, दहा-बारा दिवस राहावं लागेल, उशीर करू नका, असं डॉक्टरनं चारदा सांगितलं. मावशी मान हलवत राहिली आणि घरी येऊन गाजर उकडायला लागली.

चार महिने तिनं चालढकल केली. दर आठवड्याला मी विचारायची, आणि दर आठवड्याला तेच उत्तर, त्याला कोण भरवणार. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शेवटी एका सकाळी ती जिन्याच्या पायरीवर बसलेली सापडली, हातात बटाट्यांची पिशवी, उठताच येईना. मी तिला उठवलं, घरात आणून बसवलं आणि म्हटलं, मी भरवीन. उद्या जाऊन नाव घाल.

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की जसं काही मी त्या पोपटाचं ऑपरेशन करते म्हणाले होते. पण दुसरा उपाय नव्हता. आठवडाभर तिनं मला शिकवलं. बोट असं, चमचा तसा, घाई नको, जिभेवर टाक, घशात नको. चाळीस वर्षं मी सुईत दोरा ओवतेय, पण तिच्या लेखी माझे हात म्हणजे नुसते ओंडके. ती मागे उभी असताना पेशंटनं माझ्याकडून चार घास घेतले. पाचव्याला तोंड फिरवलं. ती म्हणाली, घेईल, सवय होईल. पण तिचा आवाज खाली गेला होता. सोमवारी सकाळी सातचा घास भरवून, छोटी बॅग घेऊन ती गेली. मी बरोबर येते म्हटलं, तर म्हणाली, बारा कोण वाजवणार मग.

बारा मी वाजवले. बटाटा घोटला, मनगटावर बघितला, चमचा डाव्या बाजूनं नेला. पेशंटनं तोंड मिटलं ते मिटलंच. मी चुचकारलं, दटावलं, आ करून दाखवला. तिच्या रिकाम्या घरात कुणी बघत नसताना आ वासून बसायची पाळी आली माझ्यावर. चार वाजता परत तेच. संध्याकाळी तर त्या अर्ध्या चोचीनं त्यानं माझ्या अंगठ्याला असा चिमटा काढला, की रक्त आलं. कात्रीचा हात माझा! माझं डोकंच फिरलं. वाटी टेबलावर आपटली, पिंजऱ्याचं दार तसंच उघडं टाकलं, मर म्हटलं उपाशी, आणि माझ्या घरी निघून आले.

अंगठा धुतला, पट्टी बांधली, आणि मग लक्षात आलं. तिकडे ती ऑपरेशनच्या टेबलावर झोपणार आणि इकडे मी तिचा पोपट मारणार. चष्माही तिथंच राहिला होता. परत गेले. दार अर्धवट उघडंच होतं. आत पाऊल टाकणार तेवढ्यात ते दिसलं.

पेशंट टेबलावर होता. एक पाय वाटीच्या काठावर ठेवून त्यानं वाटी तिरकी केली होती. खालची चोच बटाट्यात खुपसायची, वाटीच्या आतल्या बाजूला दाबत वर आणायची, आणि जिभेनं घास आत ओढायचा. इतक्या सफाईनं, की मी शिलाई घालतानाही चुकेन पण तो चुकत नव्हता. हे त्या दिवशीचं शिक्षण नव्हे. ही जुनी सवय होती, रोजच्या सरावातली. वाटी जवळजवळ साफ झाली होती.

मी दार ढकललं. त्यानं मान वळवून मला बघितलं, दोन पावलं मागे सरकला, पंख पाडले, आणि तोंड उघडं टाकून उभा राहिला. बिचारा. चोचीला बटाटा लागलेला तसाच.

मी खुर्चीत बसले आणि पोट धरून हसले. लबाड! आठ वर्षं त्या बाईला नाचवलं याने. लग्न नाही, बारसं नाही, पोटात गाठ घेऊन चार महिने बाई गाजरं उकडतेय, आणि हा साहेब तोंड उघडून बसलाय. कधी एकदा तिला सांगते असं झालं मला.

ऑपरेशन मंगळवारी झालं. गाठ निघाली, पण भेटायला शुक्रवारी सोडलं. दोन बसा बदलून गेले. तिला ठेवलं होतं बायकांच्या वॉर्डात, तिच्या जुन्या वॉर्डाच्या बरोबर समोर. दारातच सिस्टर भेटली. तुम्ही कोण त्यांच्या, म्हणून विचारलं. समोरची, म्हटलं. तिला ते पुरेसं वाटलं नाही, पण दुसरं कुणी आलंच नव्हतं, म्हणून मलाच सांगितलं. टाके चांगले आहेत, ताप नाही, पण बाई खात नाहीत. कालपासून पातळ द्यायला सुरुवात केली, तर सूप आलं तसं परत जातंय. भांडत नाहीत, तक्रार नाही, नुसतं भूक नाही म्हणतात आणि भिंतीकडे तोंड करतात. या वयात असं आठवडाभर चाललं तर माणूस हाताला लागत नाही, डॉक्टरांनी तसं स्पष्ट म्हटलंय.

मावशी भिंतीकडेच तोंड करून होती. मी हाक मारली तेव्हा वळली. चार दिवसांत केवढीशी झाली होती. ट्रेवर सूप गार होऊन वर साय धरली होती. जेवणाची वेळ होती, आणि आजूबाजूच्या खाटांवर सगळ्यांची माणसं बसली होती, कुणाची सून, कुणाचा नवरा, डबे उघडत होते, चमचे वाजत होते. मधल्या या एका खाटेशी मात्र स्टूलसुद्धा नव्हतं. कुणीतरी ते पलीकडच्या खाटेला ओढून नेलं होतं. मी जाऊन परत आणलं. माझ्या ओठावर ती गोष्ट आलेली होती, तिला हसवायची.

“खातोय ना तो?” तिनं विचारलं.

आणि मी हो म्हणणार, तेवढ्यात ती पुढे म्हणाली, “खात असेल तर तुझ्याकडेच ठेव. पिंजरा खिडकीपासून लांब टांग, त्याला वारा लागतो.”

कसं सांगू, तिनं ते अगदी साधेपणानं म्हटलं, घराची किल्ली द्यावी तसं. तिला तेवढंच विचारायचं राहिलं होतं. उत्तर मिळालं की झालं, मग ती पुन्हा भिंतीकडे वळणार होती.  आणि मला कधी नाही इतका राग आला, तिचा, पोपटाचा, त्या गार सुपाचा, त्या डबे घेऊन आलेल्या सगळ्या सुनांचा.

“कुठला खातोय,” मी म्हटलं. “सोमवारपासून तोंड मिटून बसलाय. जेमतेम पाणी पितो. माझा अंगठा फोडला. हा बघ.”

अंगठ्यावरची पट्टी तिनं बघितली. मग वॉर्डातली मावशी जागी झाली आणि चौकशी सुरू झाली. पिसं फुगवून बसतो का? हो म्हटलं. झोपतो का दिवसा? बराच. गळ्याखालची पिशवी हाताला लागते का? रिकामी, एकदम रिकामी. शी कशी आहे? आता हे मी काय सांगणार. छान आहे म्हटलं, घट्ट, हिरवी, अगदी रोजच्यासारखी.

 ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी आपली तावातावानं बोलत सुटले, की तू लवकर घरी आली नाहीस तर तो मरेल, आणि त्याचं पाप माझ्या डोक्यावर नको, मला पक्षी आवडतही नाहीत, तुझं तू बघ.

“दे ते सूप,” ती म्हणाली.

तिला धरवेना, म्हणून मीच भरवलं.  तिनं अर्धी वाटी संपवली. सिस्टर दारातून बघून गेली.

मग मी रोज गेले. आठ दिवस. सकाळी पेशंटपुढे वाटी ठेवायची, तो गुपचूप खायचा, मग मी मशीनवर झाकण टाकून दोन बसा बदलून इस्पितळात, आणि तिथं जाऊन त्याच्या उपासाचं रसभरीत वर्णन. आज एक घास घेतला. आज तोही टाकला. आज तुझ्या खुर्चीकडे बघत होता. माझ्यात एवढं खोटं भरलंय हे मला चौसष्टाव्या वर्षी कळलं. गिऱ्हाइकं दारात थांबून परत जात होती, त्यांचे कपडे तसेच पडले होते, जाऊ देत म्हटलं. मावशी ऐकायची, कधी एखादा प्रश्न विचारायची, आणि तोंड उघडायची. सूप, मग मऊ भात, मग पावाचा तुकडा. नवव्या दिवशी तिला घरी सोडलं.

टॅक्सीतून उतरवून तिला वर आणता आणता माझ्या नाकी नऊ आले. पण तिला खुर्चीत बसवल्यावर माझी खरी पाचावर धारण बसली, कारण बसल्या बसल्या तिनं वजनाचा काटा मागितला. त्या दिवशी रविवार होता. पेशंट टुणकन काट्यावर चढला. टॉवेलात धरावाही लागला नाही.

“बारा ग्रॅम वाढलाय,” मावशी म्हणाली.

मी खिडकीबाहेर बघितलं.

“उपास मानवला त्याला,” ती म्हणाली, आणि मग हसायला लागली, टाक्यांवर हात दाबून. आठ वर्षांत मी तिला पहिल्यांदा हसताना बघत होते. “पहिल्या दिवशीच शी घट्ट आहे म्हणालीस. उपाशी पक्ष्याची शी घट्ट असते होय?”

मी म्हटलं, मग सगळंच कळलं असेल तर ऐक, हा तुझा पेशंट स्वतः खातो, वाटी धरून खातो, तुला आठ वर्षं याने मूर्ख बनवलंय. तर ती शांतपणे म्हणाली, माहीत आहे. तिसऱ्या वर्षीच तिला कळलं होतं. दळण आणायला गेली होती, परत आली तर दाराच्या फटीतून दिसलं. तेव्हाही असाच तोंड उघडून उभा राहिला होता.

“मग भरवतेस कशाला?” मी ओरडलेच जवळजवळ.

 तिनं पेशंटला हातावर घेतलं, त्याच्या चोचीचा कोपरा पदरानं पुसला. म्हणाली, बारा वाजता कुणीतरी वाट बघतंय, असं असलं की सकाळ निघते. नाहीतर काय आहे गं. हे ती रडत वगैरे म्हणाली नाही. पाऊस थांबलाय म्हणावं तसं म्हणाली. 

मग मी जे विचारायचं ते विचारलं. मी खोटं बोलतेय हे पहिल्या दिवशीच कळलं होतं, तर मग सूप का प्यायलीस?

“वॉर्डात मी हेच करायची,” ती म्हणाली. “ज्याचं कुणी येत नाही, त्याला सांगायचं, तुमच्या मुलीचा फोन आला होता, उद्या येतेय, तेवढे दोन घास घ्या. घ्यायचे बिचारे. पण काहींना कळायचं, मी खोटं बोलतेय. माझ्याकडे बघत राहायचे, आणि तेही घ्यायचे. कळत असून का घेतात, हे मला एकतीस वर्षांत उमगलं नव्हतं.” तिनं पेशंटला टेबलावर ठेवलं. “तू अंगठा दाखवून तावातावानं बोलायला लागलीस, तेव्हा उमगलं. माझ्यासाठी कुणी एवढं खोटं बोलतंय, त्याला नाही कसं म्हणू?”

मी उभीच होते. त्या क्षणी एक वाक्य माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. उद्यापासून बाराला माझ्याकडे जेवायला येत जा. एवढंच. मी पंधरा वर्षं माझ्या ओट्याशी उभ्यानं जेवत होते, पातेल्यातूनच, कारण एकटीसाठी ताट कोण घेतं. ती तिच्या घरात पोपटाला भरवून झाल्यावर काय खायची, खायची की नाही, हे मी कधी विचारलं नव्हतं. दोन दारांत चार पावलं. वाक्य तयार होतं. आणि मी म्हणाले, गोळ्या वेळेवर घे, आणि घरी आले.

का नाही म्हटलं ते मला आजही सांगता यायचं नाही. लाज वाटली. एवढं बोलून झाल्यावर आणखी काही बोलायची सवय नव्हती. वाटलं, उद्या म्हणू. दुसऱ्या दिवशी बाराला भिंतीपलीकडे चमचा वाजला, मी मशीन चालवत राहिले. तिसऱ्या दिवशी तेच. आठवड्यानं तर त्यातली सगळी ऊब निघून गेली, आणि मग मुद्दाम जाऊन म्हणायला निमित्त उरलं नाही. दर तिसऱ्या रविवारी मी टॉवेल धरायची, ती कानशी चालवायची. बरं झालं हं म्हणायची. पुढे चौदा महिने ती होती. चौदा महिन्यांत एकदाही आम्ही समोरासमोर बसून जेवलो नाही.

गाठ परत आली होती. या खेपेला सगळं भराभर झालं, मला धड दोन बसा बदलायलाही वेळ मिळाला नाही. भाची आली, दोन दिवस राहिली, कपाट आवरलं. पहिल्यांदाच बघत होते मी तिला. नाक अगदी मावशीचं. तिनं पिंजऱ्याकडे बोट करून विचारलं, याचं काय करायचं, हा म्हणे कुणीतरी भरवल्याशिवाय खात नाही. मी म्हटलं, राहू दे माझ्याकडे, मला जमतं.

पेशंट आता माझ्या टेबलावर असतो. पीस कपड्याला लागतं, गिऱ्हाईक कुरकुरतं, मी झटकून देते. चमचा मी काढलेला नाही. वाटी ठेवते, तो पाय ठेवून ती तिरकी करतो आणि आपला आपण खातो. पहिले काही दिवस तोंड उघडून उभा राहायचा, दाराकडे बघत. माझ्याकडे नव्हे, दाराकडे. मग सोडून दिलं त्यानं ते. मी ताटात वाढून घेते आणि त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसून जेवते. चौसष्ट वर्षांच्या बाईला चार पावलं चालता आली नाहीत, आणि सहासष्टाव्या वर्षी ती पोपटाच्या पंगतीला बसलीय. समोरच्या घरात आता एक तरुण जोडपं आलंय. दार लावूनच असतात. अजून मी काही बोलले नाही त्यांच्याशी.